माहितीच्या अधिकारात 'माहिती उपलब्ध नाही' असं एका ओळीचं उत्तर आलं, आता पुढे काय करायचं? (नागपूर)

मानेवाडा_लेआउट

नमस्कार. थोडं लांब लिहून राहिलो पण सगळं सांगितल्याशिवाय समजणार नाही.

आमचा लेआउट मानेवाडा रिंग रोडच्या पलीकडे. दोन वर्षांपूर्वी गल्लीत नवीन गडर लाइन टाकली, तिच्यावर सिमेंट रोड झाला, दोन्ही बाजूंनी गट्टू लागले, सगळे खूश होते. पहिल्याच मोठ्या पावसात रोड दोन जागी बसला आणि शेवटच्या चार घरांत गडरचं पाणी उलटं यायला लागलं. शेवटून दुसरं घर आमचं. आई ७४ ची आहे, रात्री बाथरूममधून पाणी वर आलं की तिला पलंगावर बसवून ठेवतो आणि सकाळी भावाकडे नरेंद्रनगरला नेऊन सोडतो. मागच्या पावसाळ्यात असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी ती म्हणाली की मला आता तिथेच राहू दे, तुमचं घर सुकलं की आणजो. ते ऐकून मी माहितीचा अधिकार टाकायचं ठरवलं.

आधी तीन लेखी तक्रारी दिल्या होत्या, पोच आहे तिन्हीची. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही, काम अजून व्हायचं आहे आणि मला कोणाची बदनामी करायची नाही.

अर्जात विचारलं होतं: १) रोड का खचला? २) याला जबाबदार कोण? ३) ठेकेदारावर अजून कारवाई का नाही केली? ४) दुरुस्ती केव्हा करणार?

४१ व्या दिवशी उत्तर आलं, जसंच्या तसं लिहितो: "अर्जदाराने मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असून ती माहितीच्या व्याख्येत बसत नाही, तसेच सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही." खाली सही, तारीख, संपलं. मी बँकेच्या बाहेर पार्किंगमध्ये उभ्या उभ्या वाचलं ते पत्र आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. कोणी सांगाल का पुढे काय करायचं ते?

बर्डीवाला

भाऊ पहिलं अपील टाका, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. त्याच कार्यालयातला वरचा साहेब प्रथम अपिलीय अधिकारी असतो, नाव उत्तराच्या पत्रात द्यावंच लागते त्यांना. नसेल दिलं तर तो पण अपिलाचा मुद्दा होतो. २० रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावा, नमुना जोडपत्र ब.

अजनीकर

अपिलाने काही होत नाही असा माझा अनुभव आहे. पहिलं अपील त्यांच्याच साहेबाकडे, दुसरं राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे, तिथे तारीख लागायला माझ्या एका प्रकरणात पावणेदोन वर्षं गेली. दंड कायद्यात आहे, दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५ हजार, पण तो लागेपर्यंत अधिकारी रिटायर होऊन गेलेला असतो. राज्यभरात हजारो द्वितीय अपिलं पडून आहेत. मी तर आता अर्जच टाकत नाही, थकलो.

निवृत्त_लिपिक

मानेवाडाकर, तुमचं उत्तर वाचलं आणि राहवलं नाही. मी ३४ वर्षं सरकारी कार्यालयात लिपिक होतो, त्यातली शेवटची ९ वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. मी स्वतः अशी उत्तरं टाइप केली आहेत, साहेबांनी सांगितलं म्हणून, आणि आज त्याचं वाईट वाटते. म्हणून जेवढं माहीत आहे तेवढं सगळं सांगतो.

पहिली गोष्ट. तुमची तक्रार खरी आहे पण अर्ज चुकला. माहिती म्हणजे कायद्याच्या लेखी रेकॉर्डवर असलेली वस्तू. कागद, नोंदवही, टिपणी, नकाशा, फोटो, ई-मेल, नमुना. "का" चं उत्तर कोणी लिहूनच ठेवलं नसेल तर ते द्यायला अधिकारी बांधील नाही, मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली हे स्पष्ट सांगितलं आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यालय त्याचा आधार घेते. सुप्रीम कोर्टाने पण २०११ मध्ये उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात सांगितलं की जे आहे ते द्या, नसलेलं तयार करून द्यायची गरज नाही. (त्याच निकालाने पोरांना आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा हक्क मिळाला, ते विसरू नका.)

मग "का" कसं शोधायचं? ज्या कागदांत ते दडलेलं आहे ते कागद नावाने मागायचे. रोडचं कोणतंही सरकारी काम एका ठरलेल्या वाटेने चालते. आधी अंदाजपत्रक बनते, त्याला प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, निविदा, ठेकेदारासोबत करारनामा, कार्यारंभ आदेश, काम चालू असताना जेई साहेब म्हणजे कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत म्हणजे एमबीत मापं लिहितात, वरचा अधिकारी ती तपासतो, त्या मापांवर बिल निघते आणि शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला. या प्रत्येक कागदाला नंबर आहे, तारीख आहे, सही आहे. तुम्ही लिहिलं "रोड का खचला", तर माझ्यासारखा लिपिक कोणती फाइल काढणार? तुम्ही लिहिलं "अमुक लेआउटमधील अमुक ते अमुक गल्ली, सिमेंट रस्ता व गडर लाइनच्या कामाचे अंदाजपत्रक, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती", तर फाइल कपाटातून काढावीच लागते, "उपलब्ध नाही" लिहायला हात धजत नाही कारण बिल दिलं आहे म्हणजे कागद असलाच पाहिजे.

करारनाम्यात एक शब्द शोधा: दोषदायित्व कालावधी, सगळे डीएलपी म्हणतात. त्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदाराला स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यावं लागते. तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मुदत संपायच्या आधी ते पाहा, ही घाई मात्र करा.

दुसरी गोष्ट, "उपलब्ध नाही" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपवतात. एक, ते काम त्यांचं नाहीच, दुसऱ्या कार्यालयाचं आहे. तसं असेल तर तुम्हाला परत पाठवायचं नसते, कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत तुमचा अर्ज त्यांनीच तिकडे पाठवायचा असतो. आपल्या नागपुरात हे गंज होते, अर्धे लेआउट नागपूर सुधार प्रन्यासचे, अर्धे महापालिकेकडे आलेले, बाहेरचे महानगर विकास प्राधिकरणाकडे, कुठे बांधकाम खातं, माणसाला आपला रोड कोणाचा हेच माहीत नसते आणि माहीत असायची सक्ती पण नाही. दोन, काम त्यांचंच आहे पण कागद सापडत नाही. तर तसं लिहून द्या म्हणा. सार्वजनिक अभिलेख गहाळ करणं हा महाराष्ट्रात २००५ च्या अभिलेख कायद्याने गुन्हा आहे, त्यात तुरुंगवास आहे. आम्ही कार्यालयात रेकॉर्ड वर्गवार ठेवायचो, अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षं, असं खाली खाली. दोन वर्षांपूर्वीच्या कामाची एमबी रद्दीत जाऊच शकत नाही.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. प्रती मागत बसू नका, फाइल पाहायला जा. कलम २(ञ) मध्ये अभिलेख पाहणं, टिपणं काढणं, इतकंच काय प्रत्यक्ष कामाची पाहणी करणं आणि मालाचा नमुना घेणं पण तुमचा अधिकार आहे. आणि महाराष्ट्र शासनाचा २६ नोव्हेंबर २०१८ चा आदेश आहे की जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या कार्यालयांत, महापालिका, जिल्हा परिषद सगळीकडे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे, सोमवारी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. ९ वर्षांत माझ्याकडे त्यासाठी फक्त दोन माणसं आली. दोनच. लोकांना माहीतच नाही.

मानेवाडा_लेआउट

काकाजी, काय बोलू. एवढं तर मला कोणत्या वकिलाने पण नव्हतं सांगितलं. सोमवारचं खरंच माहीत नव्हतं.

एक विचारतो, ४१ व्या दिवशी उत्तर आलं, मुदत ३० दिवसांची आहे नं, त्याचं काही?

निवृत्त_लिपिक

आहे. ३० दिवस उलटले की कलम ७(६) प्रमाणे माहिती मोफत द्यावी लागते, पानाला २ रुपये पण नाही घेता येत. अपिलात हे लिहा. पण तुमच्या पहिल्या अर्जात मागितलेली माहितीच व्याख्येबाहेरची धरतील म्हणून अपील पण करा आणि नवीन अर्ज पण टाका, दोन्ही. नवीन अर्ज १५० शब्दांच्या आत ठेवा आणि एकाच विषयावर, महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून तसं आहे. १० रुपयाचं कोर्ट फी तिकीट. कारण सांगायची गरज नाही, "माहिती कशासाठी पाहिजे" विचारलं तर कलम ६(२) दाखवा.

वर्धेची_लेक

मी माझ्या मावशीचं सांगते, कोणाला उपयोग होईल.

मावसाजी एका शाळेत शिपाई होते, नोकरीत असतानाच गेले. मावशीची फॅमिली पेन्शन अडीच वर्षं अडकली, प्रत्येक वेळी एकच उत्तर, "सर्व्हिस बुक वर गेलं आहे". वर म्हणजे कुठे, कोणी सांगेना. मावशी शिकलेली कमी, दर महिन्याला एसटीने यायची, दिवसभर बाकावर बसायची, संध्याकाळी परत जायची, हातात डबा. मी नागपूरला नोकरीला लागल्यावर एकदा सोबत गेले आणि घरी येऊन अर्ज लिहिला, त्यात फक्त तीन गोष्टी मागितल्या: सेवापुस्तक ज्या पत्राने वर पाठवलं त्या पत्राची प्रत आणि जावक नंबर, वरच्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीतलं ते पान, आणि आज रोजी ते सेवापुस्तक कोणाच्या ताब्यात आहे ते दाखवणारी नोंद. बस. कोणावर आरोप नाही, प्रश्न नाही.

उत्तर आलंच नाही. पण एकोणिसाव्या दिवशी मावशीला फोन आला, बाई सही करायला या. जावक नोंदच नव्हती, सेवापुस्तक कधी वर गेलंच नव्हतं, त्याच कपाटात होतं. अडीच वर्षं. तिला आता पेन्शन मिळते पण ती अजून म्हणते, मी रोज तिथेच समोर बसून होते गं, कपाट मला दिसत होतं.

बर्डीवाला

शेवटचं वाक्य वाचून काळजात चर्र झालं ताई.

जन_माहिती_अधिकारी_एक

मी सध्या एका कार्यालयात जन माहिती अधिकारी आहे, दुसरी बाजू पण मांडतो, कृपया समजून घ्या.

माझ्याकडे हे काम अतिरिक्त आहे. मूळ काम वेगळं, त्याचं टार्गेट वेगळं, एक लिपिक, तो पण निवडणुकीच्या कामाला गेला की दोन-दोन महिने येत नाही. महिन्याला २५-३० अर्ज येतात. त्यातले काही एकाच माणसाचे, "२००५ पासून आजपर्यंतची सर्व कामांची सर्व कागदपत्रे", आणि तोच माणूस नंतर ठेकेदाराच्या घरी दिसतो आणि अर्ज मागे घेतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा दहा अर्जांच्या ढिगात वर्ध्याच्या ताईंच्या मावशीसारखा अर्ज खाली दबून जातो आणि आमच्यापैकी बरेच जण मग सगळ्यांनाच एका मापाने मोजायला लागतात. ते चूक आहे, मी मान्य करतो.

पण काकांनी सांगितलं ते सोळा आणे खरं. ज्या दिवशी अर्जात कागदाचं नाव, कामाचं नाव, अंदाजे साल असते त्या दिवशी मी दहा मिनिटांत फाइल काढतो, मलाही सुटल्यासारखं वाटते. आणि सोमवारी येऊन बसणारा माणूस तर मला आवडतोच, दोनशे पानांतली त्याला पाहिजे ती आठ पानं तोच निवडतो, झेरॉक्सवाल्याचे आणि माझे दोघांचेही तास वाचतात.

आणखी एक, मनातलं बोलतो. कलम ४(१)(ख) मध्ये १७ बाबी आहेत ज्या प्रत्येक कार्यालयाने आपणहून जाहीर करायच्या आणि अपडेट ठेवायच्या, कायदा आल्यापासून १२० दिवसांत. २००५ ला. आमच्या कार्यालयाच्या फलकावर आजही बदलून गेलेल्या साहेबांचं नाव आहे. जर प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक, ठेकेदार, रक्कम आणि डीएलपीची तारीख आम्हीच वेबसाइटवर टाकली असती तर अर्धे अर्ज आलेच नसते. मी हे मीटिंगमध्ये दोनदा बोललो आहे, पुन्हा बोलीन.

अजनीकर

साहेब तुम्ही इथे येऊन हे लिहिलं त्याबद्दल मनापासून आभार. ब्लॅकमेलवाल्यांचं खरं आहे, पण त्यांच्या नावाखाली साधा माणूस मारला जातो. आणि साध्या माणसाला भीती पण असते. तळेगावच्या सतीश शेट्टींना २०१० मध्ये सकाळी फिरायला गेले असताना मारलं, जमिनीची प्रकरणं काढत होते. माझी बायको मला अजून त्याची आठवण देते.

मानेवाडा_लेआउट

भीती आमच्या घरात पण आहे अजनीकर. म्हणून मी ठरवलं की एकट्याच्या नावाने नाही, शेवटच्या चारही घरांनी एकेक अर्ज टाकायचा. चार अर्ज, चाळीस रुपये.

काकू_धरमपेठ

विषय थोडा वेगळा, पण विचारते. माझ्या सासऱ्यांच्या घराची जागा नझूलची म्हणजे सरकारी, पट्ट्याने मिळालेली आहे, पट्ट्याच्या नूतनीकरणाचे जुने कागद पाहिजेत आणि आखीव पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड पण. त्यासाठी माहितीचा अधिकारच टाकावा का?

निवृत्त_लिपिक

ताई आखीव पत्रिकेसाठी नका टाकू. सिटी सर्व्हे म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयात साधा नक्कल अर्ज द्या, ठरलेली फी भरा, नक्कल मिळते, ऑनलाइन पण मिळते डिजिटल सहीची. जी गोष्ट नियमाने फी भरून मिळते तिथे माहिती अधिकार टाकला की उलट "त्या पद्धतीने घ्या" म्हणून परत पाठवतात आणि महिना जातो. आणि दाखला, नोंद, फेरफार अशी ठरवून दिलेली सेवा मुदतीत मिळत नसेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्याचं अपील वेगळं. जुन्या नूतनीकरणाच्या फाइलसाठी मात्र माहिती अधिकार बरोबर, त्यात मूळ पट्टेदाराचं नाव, सीट नंबर आणि प्लॉट नंबर लिहा. २० वर्षांच्या वरचं रेकॉर्ड असेल तर कलम ८(३) मुळे नकाराची बहुतेक कारणं त्यांना वापरता येत नाहीत. फार जुनं, मध्य प्रांताच्या काळातलं असेल तर पुराभिलेख कार्यालयात पण चौकशी करा.

सिव्हिल_लाइन्स_वकील

चर्चा चांगली चालली आहे, एक गोष्ट जोडतो कारण यापुढे ती प्रत्येकाला अडवणार आहे.

कलम ८(१)(ञ) बदललं. आधी असं होतं की वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने कोणाच्या खाजगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होते हे दिसलं पाहिजे. शिवाय तिथे एक सुंदर वाक्य होतं, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे हिवाळी अधिवेशनात आपल्या इथल्या विधानभवनात आमदाराला जे मिळते ते मानेवाड्याच्या माणसाला पण मिळालं पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं काढलं आणि "वैयक्तिक माहिती" एवढंच ठेवलं. आता ठेकेदाराचं नाव, अधिकाऱ्याची सही, लाभार्थ्याची यादी, कशालाही कोणी वैयक्तिक म्हणू शकतो.

मला याचा मनापासून त्रास होतो, कारण हा कायदा आला कुठून ते आठवा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संगठनने १९९४ पासून गावागावात जनसुनवाई घेतली, हजेरीपट म्हणजे मस्टर रोल आणि बिलं लोकांसमोर मोठ्याने वाचली. नाव वाचलं की लोक उठून सांगायचे, हा तर मरून गेला, हा तर कामावर गेलाच नव्हता, हे धरण बांधलंच नाही. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं धरलं, घोषणा होती 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. नावांशिवाय ती जनसुनवाई झाली असती का? हजेरीपटावरची नावं वैयक्तिक म्हणून झाकली असती तर मेलेल्या माणसाची मजुरी कोणी खाल्ली हे कसं कळलं असतं? आपल्या राज्यात पण २००३ मध्ये अण्णा हजारेंना आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलं तेव्हा राज्याचा माहिती अधिकार कायदा मार्गी लागला, केंद्राच्या दोन वर्षं आधी.

वाट पूर्ण बंद नाही. कलम ८(२) अजून आहे, लोकहित मोठं असेल तर सूट असलेली माहिती पण देता येते. अर्जात कारण द्यायची सक्ती नाही, पण अपिलात मात्र लोकहित काय ते दोन ओळींत ठामपणे लिहा: चार घरांत सांडपाणी येते, वृद्ध माणसं आहेत, सार्वजनिक पैसा खर्च झाला. आणि कलम १० ची आठवण द्या, झाकायचं तेवढंच झाका, बाकीचा कागद द्या. बिलावरचा बँक खाते नंबर काळा करा, बिल द्या.

वर्धेची_लेक

हे वाचून भीती वाटली. मावशीचं सेवापुस्तक तर अगदी "वैयक्तिक" आहे, आता कोणी तसंच म्हणून नाकारलं असतं.

सिव्हिल_लाइन्स_वकील

म्हणूनच लिहिलं ताई. तुमच्या मावशी स्वतः हक्कदार आहेत त्यामुळे त्यांना नकार टिकणार नाही, पण तिऱ्हाईताने तिच्यासाठी मागितलं तर अडचण होईल. अर्ज ज्याचा हक्क त्याच्याच नावाने टाका.

गोधनी_पॅसेंजर

केंद्राच्या कार्यालयात (रेल्वे, पोस्ट वगैरे) कोर्ट फी तिकीट चालत नाही हे पण लिहा कोणी. माझा अर्ज तेवढ्यासाठी परत आला होता. तिथे पोस्टल ऑर्डर किंवा केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन. पहिल्या अपिलाला तिथे फी नाही.

मानेवाडा_लेआउट

पाच आठवड्यांनी येऊन राहिलो, उशिराबद्दल माफ करा, आई आजारी होती. आता बरी आहे.

चारही घरांनी अर्ज टाकले, काकाजींनी सांगितलं तसेच, कागदांची नावं लिहून. अपील पण टाकलं. आणि सोमवारी मी आणि शेजारचे देशमुख काका, आम्ही दोघं फाइल पाहायला गेलो. पहिल्या सोमवारी साहेब नाहीत म्हणाले. मी आदेशाची प्रत सोबत नेली होती, ती दाखवली आणि आमचं येणं आवक मध्ये नोंदवा एवढंच म्हटलं, आवाज नाही चढवला. नोंदवलं. दुसऱ्या सोमवारी टेबल मिळालं, फाइल मिळाली, चहा पण दिला एका बाईंनी.

काका रेल्वेत होते, त्यांना मापं वाचता येतात. मी तोपर्यंत एमबी कधी पाहिली नव्हती, लांब वही असते, पानांना नंबर छापलेले, आमच्या गल्लीचं नाव तिच्यात शाईने लिहिलेलं होतं. ते वाचताना काय वाटलं ते सांगता येत नाही. आपल्या दारासमोरची जमीन कोणीतरी मीटर मीटर लिहून ठेवली आहे आणि आपण आजवर ती पाहिलीच नाही.

एमबीत आमच्या लाइनवर ९ चेंबर आहेत. गल्लीत ६ दिसतात. आम्ही घरी येऊन काकांच्या नातवासोबत तीनदा मोजले. मी चोरी झाली म्हणत नाही, तीन चेंबर सिमेंटच्या खाली दबले असू शकतात, आणि तसं असेल तर पाणी तुंबायचं कारण पण तेच असू शकते कारण उघडून साफ करायला जागाच नाही. दुसरं, नकाशात आमची लाइन पुढे मेन रोडच्या मोठ्या लाइनला जोडलेली दाखवली आहे. प्रत्यक्षात ती कोपऱ्यावरच्या जुन्या बारीक लाइनला जोडली असं त्या वेळी काम पाहणाऱ्या म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितलं. जुनी लाइन भरली की पाणी मागे येणार, आणि मागे म्हणजे आम्हीच. "रोड का खचला" या माझ्या प्रश्नाचं उत्तर दोन पानांत होतं.

करारनामा पाहिला. डीएलपी तीन वर्षं. संपायला सात महिने आहेत.

३८ पानांच्या प्रती घेतल्या, ७६ रुपये. मग चार घरांच्या सहीने एक पत्र दिलं, की एमबीतले ९ चेंबर जागेवर आमच्या समक्ष दाखवा, आणि कलम २(ञ) प्रमाणे कामाची पाहणी करायची आहे. बारा दिवसांनी जेई साहेब आले, तरुण आहेत, हे काम त्यांच्या आधीच्याचं. त्यांनी लोखंडी रॉडने ठोकून दोन चेंबर सिमेंटखाली शोधले. तिसरा नाही सापडला. त्यांनी तसा पाहणी अहवाल लिहिला आणि आमच्या सह्या घेतल्या, आणि ठेकेदाराला डीएलपीत दुरुस्ती करून द्यायची नोटीस निघाली, तिची प्रत माझ्याकडे आहे. काम अजून चालू झालं नाही. पाऊस यायला सहा आठवडे आहेत. आई अजून भावाकडेच आहे.

निवृत्त_लिपिक

वाचून खूप समाधान वाटलं. आता नोटिशीची प्रत घेऊन थांबू नका, तिच्यावर काय झालं त्याची टिपणी दर पंधरा दिवसांनी पाहायला जा. अर्ज नको, सोमवारीच. फाइल हलती राहते.

जन_माहिती_अधिकारी_एक

जेई साहेबांनी अहवालावर नागरिकांच्या सह्या घेतल्या हे फार चांगलं केलं. तिसऱ्या चेंबरचं बिल दिलं गेलं का ते अंतिम देयकात पाहा, नसेल सापडत तर वसुलीचा मुद्दा वेगळा लेखी द्या, दुरुस्तीच्या पत्रात मिसळू नका, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतील.

अजनीकर

मानेवाडाकर, मी थकलो म्हणालो होतो. माझ्या भागातल्या बगिच्याच्या कंपाउंडची फाइल तीन वर्षांपासून पाहायची राहिली आहे. सोमवारी मी पण जातो, पण एकट्याने नाही जमणार.

मानेवाडा_लेआउट

येतो मी. माझं काम तुमच्या कार्यालयापासून जवळच असते सोमवारी. पावणेतीनला गेटवर भेटू, आदेशाची प्रत मी आणतो, तुम्ही कामाचं नाव आणि अंदाजे साल एका कागदावर लिहून ठेवा, आधार कार्ड आणि वही-पेन ठेवा सोबत. देशमुख काका पण येतो म्हणाले, मापं ते वाचतील.

काकू_धरमपेठ

मी पण येऊ का? पट्ट्याचे जुने कागद पाहायचे आहेत, पण कसे पाहायचे तेच माहीत नाही.

मानेवाडा_लेआउट

या नं काकू. कार्यालय वेगळं असलं तरी आधी आमच्यासोबत बसून पाहा, पुढच्या सोमवारी तुमच्या तिकडे जाऊ.